साखर 286 होती म्हणून झटका मोठा आला का?

वाचकाचं पत्र (ओळख लपवून, थोडक्यात): पत्र लिहिणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करतात, माहेर सातारा जिल्ह्यात. वडील, म्हणजे अण्णा, 67 वर्षांचे. दिवाळी उलटून चार दिवस झाले होते. सकाळी सव्वाआठच्या सुमाराला चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप सुटला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळू लागलं. आधी गावातले डॉक्टर, मग तालुक्याला सीटी स्कॅन, मग मोठं हॉस्पिटल, असं करत तिथे पोचायला दुपारचे पावणेदोन वाजले. मेंदूच्या डाव्या भागाकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती, म्हणजे पक्षाघाताचा झटका (स्ट्रोक). दाखल करताना साखर 286 निघाली. अण्णांना मधुमेह असल्याचं त्याआधी कुणालाच माहीत नव्हतं. तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखर दाखवणारा आकडा, 6.9 आला. हॉस्पिटलात पहिले तीन दिवस साखर 150 ते 180 च्या दरम्यान ठेवली होती. दादाचं, म्हणजे ताईंच्या भावाचं म्हणणं असं, की डॉक्टरांनी साखर लगेच 100 वर आणली असती तर अण्णा आज चालले असते. वर सलाईनमधून ग्लुकोज चढवलं असणार, असाही त्याला संशय आहे. आईला वाटतं, आपण फराळाच्या वेळी बेसनाचे लाडू पुढे केले, त्यानेच हे झालं. आता घरी दिवसातून सात-आठ वेळा बोट टोचून साखर 110 च्या खाली ठेवण्याची धडपड चालू आहे. दादाने साखर उतरवणारी ग्लिमेपिराईडची गोळी परस्पर 1 मिलिग्रॅमवरून 2 मिलिग्रॅम केली. गेल्या आठवड्यात पहाटे तीनला अण्णा घामाघूम झाले, उजवा हात पुन्हा गळून पडला, जीभ जड झाली. दुसरा झटका समजून सगळे हादरले. साखर 54 निघाली. साखरेचं पाणी पाजल्यावर वीस मिनिटांत ते पूर्ववत झाले, पण पिताना त्यांना दोनदा ठसका लागला. पत्राच्या शेवटच्या ओळीत रक्तदाब आहे: 158/94. ताईंचे प्रश्न: साखरेमुळे झटका मोठा झाला का? डॉक्टरांचं चुकलं का? आणि आता साखर किती ठेवायची?

ताई,

आधी तातडीचं. साखर 110 च्या खाली ठेवण्याचा नेम आजच सोडा आणि ग्लिमेपिराईडचा वाढवलेला डोस आजच डॉक्टरांना फोन करून सांगा. पहाटे तीनला जे झालं ते नशिबाने निभावलं. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही चौघांनी मिळून साखरेवर खटला भरला आहे. दादांच्या मते गुन्हा डॉक्टरांचा, आईंच्या मते स्वतःचा, पण हत्यार साखरच, यावर सगळ्यांचं एकमत. माझ्या मते साखर इथे थोडी आरोपी आहे आणि बरीचशी साक्षीदार.

साक्षीदार कशी ते आधी बघा. मेंदूला रक्त मिळेनासं झालं की शरीर ते संकट समजतं आणि कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन यांसारखी तणावाची संप्रेरकं भराभर सोडतं. त्यांच्या सांगण्यावरून यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, शिवाय नवीही तयार करतं. त्याच वेळी स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. त्यामुळे आयुष्यात कधी मधुमेह नव्हता अशा माणसाची साखरसुद्धा झटक्याच्या दिवशी 160, 180 दिसू शकते. इजा जितकी मोठी तितका तणाव मोठा, आणि तितकी साखर वर. म्हणजे साखर जास्त होती म्हणून झटका मोठा झाला, हे जितकं खरं असू शकतं तितकंच झटका मोठा होता म्हणून साखर वर गेली, हेही खरं असू शकतं. एका आकड्याकडे बघून यातलं कुठलं किती, हे सांगता येत नाही.

अण्णांच्या बाबतीत मात्र अंदाज करायला एक धागा आहे, तो म्हणजे एचबीएवनसी. तो गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्या दिवशीचा गोंधळ त्यात येत नाही. सरासरी साखर काढायचं गणित सोपं आहे: एचबीएवनसीला 28.7 ने गुणा आणि 46.7 वजा करा. 6.9 चे साधारण 151 होतात. अण्णांची रोजची सरासरी 151 आणि त्या दुपारी 286, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. सकाळचा चहा-नाश्ता धरला तरी एवढी उडी त्याने लागत नाही. तिचा मोठा हिस्सा संकटाचा आहे. अलीकडे डॉक्टर नुसता दाखल होतानाचा आकडा न बघता असं गुणोत्तरही काढून बघतात, कारण सरासरी 250 असणाऱ्या जुन्या मधुमेहीची 286 आणि अण्णांची 286 या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2001 साली कॅनडातल्या संशोधकांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हेच दिसलं होतं: मधुमेह नसलेल्यांमध्ये दाखल होताना साखर साधारण 110 ते 126 च्या वर असेल तर महिनाभरात मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट; आधीपासून मधुमेह असलेल्यांमध्ये मात्र तेवढा ठळक फरक नव्हता.

यातूनच आईंच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. चार दिवसांपूर्वी खाल्लेल्या लाडवाने 286 होत नाही, आणि लाडवाने गुठळीही होत नाही. सरासरी 151 ही फराळाच्या आठवड्यात तयार झालेली नाही. 6.5 च्या वरचा एचबीएवनसी म्हणजे मधुमेह. अण्णांना तो बहुधा बऱ्याच काळापासून होता, फक्त कुणी तपासला नव्हता. रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब व्हायला वर्षं लागतात, आणि त्या कामात साखरेबरोबर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू हे सगळे असतात. आईंना हे तुम्ही सांगून पटणार नसेल तर पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. घरातल्या बाईने स्वतःला असा दोष लावून घेतला की पुढे ती रोग्याच्या ताटातली प्रत्येक चपाती मोजू लागते, आणि अशक्त झालेला माणूस आणखी अशक्त होतो.

आता साखर आरोपी कशी, ते. कारण ती निर्दोष आहे असंही नाही.

रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेल्या मेंदूचा मधोमधचा भाग काही मिनिटांत मरतो, पण त्याच्या भोवतीचा पट्टा लगेच मरत नाही. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून मिळणाऱ्या थोड्याफार रक्तावर तो काही तास तग धरून असतो. उपचारांची सगळी धावपळ या पट्ट्यासाठी असते. तिथे ऑक्सिजन कमी आणि साखर भरपूर अशी स्थिती झाली, तर पेशी ऑक्सिजनशिवाय साखर जाळतात, लॅक्टिक आम्ल साचतं आणि तग धरून असलेल्या पेशीही दगावतात. शिवाय जास्त साखरेत रक्तातली गुठळी विरघळवणारी नैसर्गिक यंत्रणा मंदावते, मेंदूतल्या वाहिन्यांच्या भिंती गळू लागतात, सूज वाढते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं असेल तर मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. गुठळीच्या झटक्यात, आणि मेंदूतली वाहिनी फुटून येणाऱ्या रक्तस्रावाच्या झटक्यातही, दाखल होताना साखर जास्त असलेल्यांची प्रकृती सरासरीने अधिक बिघडते, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

मग दादांचं बरोबर ठरत नाही का? साखर घातक आहे, तर ती ताबडतोब 100 वर आणायची. साधा तर्क आहे. हाच तर्क जगभरच्या मेंदुविकारतज्ज्ञांनीही केला होता, म्हणूनच तो तपासून पाहिला गेला. अमेरिकेत 'शाईन' नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. गुठळीचा झटका आलेले आणि साखर वाढलेले 1,151 रुग्ण घेतले. निम्म्यांना शिरेतून इन्सुलिन देऊन साखर 80 ते 130 मध्ये ठेवली, बाकीच्यांना त्वचेखाली इन्सुलिन देऊन 180 च्या आत ठेवलं. हे तीन दिवसांपर्यंत. पहिल्या गटाची सरासरी 118 आली, दुसऱ्याची 179. म्हणजे दादांना जे हवं होतं ते पहिल्या गटात नेमकं साधलं होतं. तीन महिन्यांनी बघितलं तर चांगला परिणाम पहिल्या गटात 20.5 टक्के, दुसऱ्यात 21.6 टक्के. म्हणण्यासारखा फरक नाही. उलट कडक नियंत्रणाच्या गटात 2.6 टक्के लोकांची साखर 40 च्याही खाली कोसळली. दुसऱ्या गटात असं कुणाचंच झालं नाही. पुढे चालू ठेवून काही हाती लागणार नाही, म्हणून चाचणी मध्येच थांबवली. त्याआधी, 2007 मध्ये, ब्रिटनमधल्या 933 रुग्णांच्या चाचणीतही ग्लुकोज, पोटॅशियम आणि इन्सुलिन एकत्र देऊन फायदा दिसला नव्हता.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मेंदू स्वतःसाठी इंधन साठवून ठेवत नाही. क्षणोक्षणी रक्तातून येणाऱ्या साखरेवर तो चालतो. आधीच उपाशी असलेल्या त्या पट्ट्याची साखर अचानक ओढून घेतली तर तिथलं उरलंसुरलं कामही थांबतं. साखर वाढल्याने होणारं नुकसान बहुधा पहिल्या काही तासांत होऊन जातं, आणि त्या तासांत रुग्ण अजून गाडीत असतो. आणि साक्षीदाराचा मुद्दा आहेच: आकडा खाली आणला म्हणून इजा लहान होत नाही.

म्हणून झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत साखर 140 ते 180 दरम्यान ठेवायची आणि 60 च्या खाली गेली तर लगेच उपचार करायचे, ही अमेरिकन मार्गदर्शक सूचना आहे. तुमच्या वडिलांची साखर 150 ते 180 होती. म्हणजे डॉक्टरांनी पाट्या टाकल्या नाहीत, जे करायला हवं तेच केलं. दादांना हे ऐकायला आवडणार नाही, पण रागाचं कारण चुकीचं असलं की माणूस पुढचे निर्णयही चुकीचे घेतो. गोळी दुप्पट करणं हे त्याचंच उदाहरण.

सलाईनचा संशय तर एका मिनिटात मिटेल. डिस्चार्जच्या वेळी न मिळाल्यास हॉस्पिटलकडून औषधांचा तक्ता मागून घ्या. रुग्णाच्या कागदपत्रांची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. बाटलीसमोर 'एनएस' लिहिलं असेल तर ते नुसतं मिठाचं पाणी, त्यात ग्लुकोज नसतं. 'डी5' किंवा 'डीएनएस' असेल तर 500 मिलिलीटरच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि साखर कमी झालेली नसेल तर ताज्या झटक्यात ते शक्यतो टाळतात. ते दिसलं तर विचारायला संकोच करू नका. पण बघितल्याशिवाय आरोपही करू नका.

यावरून कुणी असं समजू नये की झटक्यानंतर साखरेकडे बघायचंच नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक विभागांत परिचारिकांना तीन गोष्टींचं काटेकोर प्रशिक्षण दिलं: ताप, साखर आणि गिळणं. पहिले तीन दिवस हे तिन्ही वेळापत्रकाने तपासायचे, बिघडलं की लगेच उपाय, आणि गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडाने काही द्यायचं नाही. 2011 मध्ये आलेल्या या अभ्यासात तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व 58 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर आलेलं दिसलं. यात कुठलंही नवं औषध नव्हतं. रक्तस्रावाच्या झटक्यासाठी 2023 मध्ये दहा देशांत, त्यात भारतही होता, 7 हजारांहून अधिक रुग्णांवर असाच प्रयोग झाला: रक्तदाब तासाभरात 140 च्या खाली, ताप नाही, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणं, आणि साखर मधुमेह नसेल तर 110 ते 140, असेल तर 140 ते 180. तिथेही फायदा झाला. साखर इतर गोष्टींबरोबर, बेताने सांभाळली की उपयोग होतो. एकटीला धरून खाली दाबली की होत नाही, असा माझा यातून निष्कर्ष आहे.

एक गोष्ट लिहावी की नाही यावर विचार केला, पण हे सदर इतरही वाचतात म्हणून लिहितो. 'काय केलं असतं तर अण्णा चालले असते' याचं उत्तर साखरेपेक्षा घड्याळात आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सव्वाआठला सुरुवात, म्हणजे पावणेएकपर्यंत. तुम्ही पावणेदोनला पोचलात. यात तुमचा दोष नाही. गावातल्या डॉक्टरांकडे आधी जाणं हेच कुणीही करेल. मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून तार घालून काढण्याची सोय काही ठिकाणी असते आणि निवडक रुग्णांत ती 24 तासांपर्यंत करता येते, पण तिथेही जितकं लवकर तितकं बरं. तेव्हा वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं: तोंड वाकडं, हात गळणं, बोलणं अडखळणं, एकाएकी तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यातलं काही दिसलं की 108 ला फोन करून 'स्ट्रोक वाटतोय, सीटी आणि इंजेक्शनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या' असं स्पष्ट म्हणावं. शेवटचं धडधाकट कधी बघितलं ती वेळ कागदावर लिहावी. तोंडात पाणी, चहा, अ‍ॅस्पिरिन काहीही घालू नये. झटका रक्तस्रावाचा असेल तर अ‍ॅस्पिरिनने आग भडकेल, आणि ते सीटीशिवाय कळत नाही. घरात ग्लुकोमीटर असेल तर गाडी येईपर्यंत एकदा साखर बघावी. जास्त दिसली तर घरी इन्सुलिन टोचू नये. कमी दिसली तर मात्र ती माहिती सोन्याची आहे.

कारण साखर खूप उतरली की ती हुबेहूब झटक्यासारखी दिसू शकते: एक हात लुळा, बोबडी वळलेली, माणूस गोंधळलेला. म्हणूनच गुठळीचं इंजेक्शन देण्याआधी इतर रक्ततपासण्यांचे अहवाल आले नसले तरी चालतात, पण साखर बघितल्याशिवाय ते देत नाहीत. आणि ज्याला आधी झटका येऊन गेला आहे त्याच्या बाबतीत तर आणखी फसगत होते. मेंदूने मोठ्या कष्टाने जुळवून घेतलेलं असतं. साखर उतरली, ताप आला, सोडियम घसरलं की ती जुळवणी तात्पुरती मोडते आणि जुनीच लक्षणं तशीच्या तशी परत येतात. अण्णांचा उजवाच हात गळाला आणि वीस मिनिटांत सावरला, तो हा प्रकार दिसतो. दुसरा झटका नव्हता, असं मी इथून खात्रीने म्हणणार नाही; डॉक्टरांना तो प्रसंग तारीख-वेळेसह सांगाच.

ग्लिमेपिराईड हे औषध स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतं, समोर जेवण असो वा नसो. झटक्यानंतर माणूस अर्धंच जेवतो, गिळायला वेळ लागतो, रात्री दोन घास खाऊन झोपतो. गोळी मात्र पूर्ण ताकदीने काम करत राहते, मूत्रपिंड थोडं मंद असेल तर आणखी लांबते. म्हणून रात्रीची साखर पडते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं दुसरं औषध एकट्याने सहसा असं करत नाही. अण्णांचा एचबीएवनसी मुळात 6.9 आहे, एवढ्या साखरेला ग्लिमेपिराईड लागतंच का, हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी, म्हणजे नावाच्या शेवटी 'लोल' असलेली, चालू असेल तर साखर उतरताना होणारी धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. अशा माणसाला पहाटे घाम आला की पंखा वाढवण्याआधी साखर बघायची.

ती 70 च्या खाली असेल आणि अण्णा पूर्ण शुद्धीवर असतील तर आधी त्यांना ताठ बसवा. 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे सपाट तीन लहान चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. पण तुमच्या पत्रातला ठसका मला साखरेच्या आकड्याइतकाच काळजीचा वाटतो. गिळण्याची तक्रार असणाऱ्याला पातळ पाणी सर्वांत अवघड. ते श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. अशांना पातळ पाण्याऐवजी चमचाभर मध किंवा ग्लुकोज जेल गालाच्या आत थोडं थोडं लावणं जास्त सुरक्षित. तेही तुमच्या स्पीच थेरपिस्टला आधी विचारून ठेवा, आणि गिळण्याची चाचणी झाली नसेल तर या आठवड्यात करा. शुद्ध हरपत असेल, हाकेला ओ देत नसतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवून 108. आणखी एक बारकावा, जो चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही: व्होग्लिबोस किंवा अ‍ॅकारबोस या मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना घरची साखर लवकर उपयोगी पडत नाही, कारण ही औषधं तिचं विघटनच रोखतात. त्यांच्यासाठी ग्लुकोजच हवं. सावरल्यावर काहीतरी पोटभरीचं द्या, आणि ग्लिमेपिराईड घेणाऱ्याची साखर पुढचा पूर्ण दिवस पुन्हा पुन्हा पडू शकते म्हणून दर दोन-तीन तासांनी बघत राहा. पुन्हा पडली तर हॉस्पिटल.

घरी आता किती ठेवायची? अण्णांसारख्या, वय झालेल्या आणि झटक्यातून सावरत असलेल्या माणसासाठी उपाशीपोटी 90 ते 150, झोपताना 100 ते 180, एचबीएवनसी 8 च्या आत, हा अमेरिकन मधुमेह संघटनेचा सर्वसाधारण बेत आहे. अण्णांचा नेमका आकडा डॉक्टर ठरवतील, पण ते साखर कायम 110 च्या खाली ठेवा असं सांगणार नाहीत याची मला बऱ्यापैकी खात्री आहे. झोपताना 100 पेक्षा कमी असेल तर काही न खाता झोपवू नका.

सात-आठ वेळा टोचायची गरज नाही. औषधं बदलत असेपर्यंत रोज उपाशीपोटी आणि झोपताना, शिवाय एक दिवसाआड कुठल्या तरी एका जेवणानंतर दोन तासांनी. आकडे स्थिरावले की आठवड्यातून दोन दिवस पुरे. टोचताना धडधाकट डावा हात घ्या. लुळा हात सुजलेला आणि गार असतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. केळं सोललेल्या किंवा गुळाचा खडा धरलेल्या बोटाने साखर सहज शंभराने जास्त दिसते, आणि त्या खोट्या आकड्यावर कुणीतरी गोळी वाढवतं. बोटाच्या पेराच्या कडेला टोचा, पिळून पिळून रक्त काढू नका. पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमट हवेने त्या खराब होतात. यंत्र नीट असलं तरी त्याला 15 टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते: खरी 150 असेल तर 130 किंवा 170 दिसेल. तेव्हा 128 ची 141 झाली म्हणून घरात बैठक बोलवू नका.

जेवणात ज्वारीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, मऊ भात-वरण, मुगाचं घट्ट कढण, अंडं, शिजवून घोटलेल्या भाज्या. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान. साखर-गूळ बंद, पण पोट रिकामं ठेवायचं नाही. पथ्याच्या नावाखाली वजन उतरू लागलं तर फिजिओथेरपीला लागणारा स्नायूच जातो.

आता ती शेवटची ओळ, 158/94. जगभरच्या 32 देशांतल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात झटक्याच्या कारणांत रक्तदाब पहिल्या क्रमांकावर होता, साखर त्याच्या बरीच खाली. ब्रिटनमधला यूकेपीडीएस हा मधुमेहींचाच अभ्यास. त्यात साखर कडक ठेवून झटके ठळकपणे कमी झाले नाहीत, पण 1998 च्या निष्कर्षांत रक्तदाब सरासरी 154/87 ऐवजी 144/82 ठेवलेल्या गटात झटके 44 टक्क्यांनी कमी होते. नुसत्या दहा अंकांचा हा फरक. पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तदाब मुद्दाम थोडा वर राहू देतात. महिन्यानंतर 158/94 ला ती सबब नाही. झटका येऊन गेलेल्याचं लक्ष्य सहसा 130/80 च्या आत असतं. घरी दंडावर बांधायचं यंत्र आणा, पाच मिनिटं शांत बसवून, डाव्या दंडावर, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी दोनदा मोजा आणि आठवड्याचे आकडे वहीत लिहा. साखरेच्या पट्ट्यांवरचा निम्मा उत्साह इकडे वळवलात तरी पुढचा झटका टळण्याची शक्यता त्याने जास्त वाढेल.

त्याच भेटीत अजून काही विचारा. गुठळी होऊ न देणारं अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, चालू आहे ना? स्टॅटिनने साखर किंचित वाढते म्हणून ते परस्पर बंद करणारी घरं बरीच आहेत. झटक्यापासून मिळणारं संरक्षण त्या किंचित वाढीच्या मानाने फार मोठं आहे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली आहे का? हृदयाचे ठोके अनियमित पडतात का, यासाठी साधा ईसीजी झाला असेल, पण 24 तासांची किंवा अधिक काळाची नोंद झाली का? कारण गुठळी हृदयातून आली असेल तर औषधच वेगळं लागतं. हिमोग्लोबिन किती आहे? लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटा जास्त येतो, आणि मग 6.9 चा अर्थही बदलतो. काहीही असलं तरी तो तीन महिन्यांनी पुन्हा करायचाच. तोवर तणावाची साखर ओसरलेली असेल आणि अण्णांना औषध किती लागतं ते स्वच्छ दिसेल. फिजिओथेरपी मात्र तोपर्यंत थांबवून ठेवू नका. सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, आणि त्यातला एक निघून गेला आहे.

दादांना या भेटीला पुढे बसवा. गोळी त्यांनी वाढवली हे डॉक्टरांना त्यांनीच सांगितलेलं बरं. लपवलं तर 54 चा अर्थ डॉक्टर चुकीचा लावतील आणि मूळचा 1 मिलिग्रॅमच जास्त होता असं समजतील. आणि तिथे गेलाच आहात तर दादांचा आणि तुमचाही रक्तदाब मोजा, उपाशीपोटी साखर तपासा. वडिलांना मधुमेह निघाला की मुलांनी तिशीनंतर दरवर्षी हे करायचं असतं.